टेकू काढायच्या आधी सांग

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवल्यावर तू पाठवलेले फोटो झूम करून करून पाहिले आणि तुला जी शंका आहे तीच मलाही येतेय, तुझ्या साइटवरच्या बाल्कनीच्या वरच्या सळया खाली बसल्यात. चेअर, म्हणजे वरच्या सळया उचलून धरणारे लोखंडी आधार, कमीच दिसतायत, त्यात काँक्रीट टाकताना माणसं जाळीवरून बिनधास्त चालली असणार, आपल्याकडे सगळीकडे हेच चालतं. पण कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या अशा बाल्कनीत, ताण वरच्या बाजूला येतो, तिथली सळई दोन इंच दबली की निम्मी ताकद गेली म्हण. हे मी तुला काय सांगणार, कॉलेजात मला तूच शिकवलंस.

"प्लास्टर झालं की कुणाला कळतंय" हे तू फोनवर म्हणालास ते मात्र आवडलं नाही. तुलाही पटलं नसणार, नाहीतर एवढ्या रात्री फोन कशाला केला असतास!

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प बिल्डिंगचं तुला आठवतं का? ५९ मजली, १९७७ साली पूर्ण झाली, आणि खांब कोपऱ्यात न देता चारी बाजूंच्या मधोमध, कारण एका कोपऱ्यात चर्च होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझर. १९७८ मध्ये त्याने पुन्हा हिशेब मांडला तर तिरक्या वाऱ्याने ब्रेसिंगवर, म्हणजे बिल्डिंगला धरून ठेवणाऱ्या तिरप्या पोलादी दांड्यांवर, ताण बराच वाढत होता, आणि जोड वेल्डिंगचे ठरले असताना प्रत्यक्षात कमी ताकदीचे, बोल्टचे बसवलेले, तेही त्याच्याच ऑफिसच्या मंजुरीने. बिल्डिंग उभी, लोक कामाला येतायत, बाहेरून काही दिसत नाही. गप्प बसला असता तर तेव्हा कुणाला कळलंही नसतं. त्याने स्वतः जाऊन मालकांना सांगितलं, मग रात्री-रात्री जोडांवर जाड स्टील प्लेटा वेल्ड केल्या.

आता लोक त्याला डोक्यावर घेतात, मी तेवढा घेत नाही. आजूबाजूच्या लोकांना खरा धोका सांगितलाच नाही, १९९५ मध्ये एका मासिकात छापून आलं तेव्हा जगाला कळलं. म्हणजे मालकाला सांगितलं आणि ज्यांच्या डोक्यावर पडणार त्यांना नाही, हे अर्धंच झालं ना. तुझ्या बाल्कनीत उद्या कुणाचं पोर उभं राहणार, ते मात्र तुझ्या हातात अजून आहे, तिथे अजून कोणी राहायला आलेलं नाही.

तर आधी आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला, फोन कर, लगेच फोटोसकट मेल पण टाक. सळया बांधणाऱ्या फिटरचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ नकोस, चेकलिस्टवर सही तुझी आहे. रीबार लोकेटरने, म्हणजे काँक्रीटमधली सळई शोधणाऱ्या यंत्राने, सळई किती खोल आहे ते कळेल, नाही पटलं तर एका जागी थोडं फोडून बघायचं. वाईटात वाईट म्हणजे बाल्कनी तोडून पुन्हा भरावी लागेल, साहेब ओरडतील, ओरडू दे. पुढचा स्लॅब भरायच्या आधी चेअर स्वतः मोज आणि चालायला फळ्या टाकून घे.

तोपर्यंत बाल्कनीवर पॅरापेटची, म्हणजे कठड्याची, एक वीटही चढू देऊ नकोस. आणि तो टेकू-फळ्या लावणारा सेंट्रिंगवाला सामान दुसऱ्या साइटला न्यायची घाई करतोय म्हणालास ना, उद्या सकाळी त्याच्या आधी साइटवर पोच. जास्तीचं भाडं मागितलं तर मी देतो, पण टेकू काढू देऊ नकोस.

तुझाच