कोसळलेल्या जगाची गोष्ट मराठीत हवी

महोदय,

पर्यावरण कोसळल्यानंतरच्या समाजावरचे साहित्य ‘निराशावादी’ म्हणून बाजूला सारले जाते, हे मला पटत नाही. अमेरिकी लेखिका ऑक्टाव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी १९९३ची; तिचे कथानक सुरू होते २०२४मध्ये. त्या कॅलिफोर्नियात पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे आणि माणसे वस्तीभोवती भिंत बांधून जगतात. तिथे आभाळातून एकदम संकट कोसळत नाही. आधी पाणी महागते, मग शेजारी परका होतो, आणि लोकांना त्याची सवय होते. ही सवयच मला सर्वांत भयंकर वाटते.

आपल्याकडे मार्च २०१६मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. (हे कुणा लेखकाने कल्पिले असते, तर आपण अतिशयोक्ती म्हटले असते.) दुष्काळावर मराठीत सकस लेखन आहे, पण उद्याच्या टंचाईत टाकीची किल्ली कुणाकडे असेल, हे विचारणाऱ्या कथा फार थोड्या आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी अशा कथा यंदा आवर्जून मागवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक