शिमग्याच्या आत परत

करमळी, गोवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी चढ्या आवाजात बोलले. आई, तू "बरं, बरं" म्हणत फोन बाबांकडे दिलास आणि बाबांनी एकदम तिकडच्या पावसाची चौकशी सुरू केली. तेव्हाच कळलं, लागलंय तुम्हाला. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले.

आमच्या परसात सातभाई येतात. मातकट, फिकट डोळ्यांचे, सदा कुणावर तरी वैतागल्यासारखे. बाबा ज्यांना 'ग्रामसभा' म्हणतात ते. नावाने सात, आमच्याकडचे नऊ आहेत. चवथीच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून त्यांचा कारभार नीट पाहिला. आठ जण फणसाखालचा पाचोळा उलटापालटा करून किडे टिपत होते. नववा शेवग्यावर बसून नुसता चौफेर बघत होता, त्याच्या पोटात काही नाही. थोड्या वेळाने खालचा एक वर गेला आणि हा खाली येऊन चरायला लागला. तासाभरात तीनदा पहारा बदलला. आमच्या सोसायटीचा वॉचमन इतका नेमाने उठत नाही.

एवढ्यात कुंपणातून मुंगूस आलं. वरच्याने असा गिल्ला केला! मला वाटलं, सगळे उडून जातील. तर उलट मुंगसाभोवतीच जमले आणि कोकलून कोकलून त्याला पार शेजारच्या वाडीत घालवलं. मग एका फांदीवर खेटून बसले नि एकमेकांच्या मानेची पिसं विंचरत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "पळय गो, तेल लायतात!"

यांची पिल्लं मोठी झाली तरी बरीचशी थव्यातच राहतात आणि पुढच्या विणीच्या धाकट्यांना भरवतात. पावशाची मादी तर अंडंच यांच्या घरट्यात घालून मोकळी होते. म्हणजे मृगाआधी 'पेरते व्हा, पेरते व्हा' करणारा तो पावशा सातभाईंच्या घरचं खाऊन वाढलेला असतो. आई, मला वरच्या बिऱ्हाडातला मुलगा आठवला. त्याची आई दवाखान्यात रात्रपाळी करायची आणि तो दहावीपर्यंत रोज आपल्या स्वयंपाकघरात जेवला. मला त्याचा फार राग यायचा, माझ्या वाटणीची पोळी तू त्याला वाढायचीस म्हणून.

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आळीत शिरलं, तेव्हा अंधारात खाली उतरून तुम्हा दोघांना जिन्यावर ओढून घेणारा तोच होता. मी इथे. गाड्या बंद, तुमचे फोन बंद. दोन दिवस नुसता टीव्ही बघत बसले होते. तुमचा पहिला फोन आला तोही त्याच्याच मोबाइलवरून.

तेव्हापासून मी धोशा लावलाय, घर विका, इकडे या. मागची खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. परवा बाबा म्हणाले, "तिथे आम्हाला ओळखतं कोण?" आणि माझा पारा चढला. ओळखायला काय लागतं, चार दिवसांत होते ओळख, असं मी म्हणाले. ते चूक होतं. मला इथे अकरा वर्षं झाली. पोदेर, म्हणजे इथला पाववाला, सायकलचा भोंगा वाजवून आपणहून आमच्या दारी थांबायला लागला, त्यालाच दीड वर्ष गेलं. तेव्हा मी तिशीतली होते. तुमच्या वयाला ही खटपट सांगणारी मी कोण?

म्हणून घर विकायचा विषय मी मागे घेते. खरंच. पुन्हा काढणार नाही.

दुसरं एक सुचवते, बघा पटतं का. आमच्या तळ्यात अडई बदकं बारा महिने असतात. दिवसा शिट्ट्या घालत पाण्यावर बसायचं आणि रात्री भातशेतात चरायला जायचं, अगदी गावकरी. थंडीत तिकडे उत्तरेत पाणी गोठलं की तलवार बदकं हजारो किलोमीटर उडून येतात आणि याच तळ्यात उतरतात. अंडी तिकडे घालायची, थंडी इकडे काढायची. मार्चच्या सुमारास परत निघतात, आणि पाहुणे फार दिवस राहिले अशी अडईंची तक्रार मी तरी अजून ऐकलेली नाही.

तर तुम्हीही थंडीपुरते या. मांडवी एक्स्प्रेसला चिपळूणला बसलात की करमळीला उतरायचं, तळं स्टेशनाजवळच आहे. बाबांनी दुर्बीण आणावी. एखाद्या सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊ, तिथल्या खारफुटीत सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे. आई, कुळथाचं पीठ आण. इथे मिळतं, पण छोटी म्हणते आजीच्या पिठीची चव येत नाही.

घराची किल्ली वरच्याकडे ठेवा. आणि काळजी करू नका, शिमग्यात पालखी आपल्या दारात यायच्या आत मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देईन.

तुमची,
चिमी