कुरिअरच्या काउंटरवरच्या दादांना

नमस्कार दादा,

पैसे आज मिळाले. अडकलेली रक्कम मोकळी झाल्याचा मेसेज आला आणि सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, आणि तुम्हाला न विचारता तुमचं नाव असं चारचौघांत लिहिणं मला बरं वाटत नाही. म्हणून नाव न घेता लिहिते आहे. वाचलंत तर ओळखालच.

माझी गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. मी दुकानदार नाही. वापरात नसलेला कॅमेरा आणि त्याची लेन्स विकायची होती, म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली. भाव ठरला, घेणाऱ्याने पैसे भरले. ते पैसे वेबसाइट स्वतःकडे धरून ठेवते आणि वस्तू पोचली की विकणाऱ्याला देते. ही पद्धत मला आजही पटते. दोन अनोळखी माणसांनी व्यवहार करायचा, तर मध्ये कुणीतरी पैसे सांभाळणारं हवंच. पार्सल पोचलं, घेणाऱ्याने सही केली, आणि मग त्याची तक्रार आली की खोक्यात कॅमेरा नव्हताच, नुसते कागदाचे बोळे होते. सोबत एक फोटो, उघड्या खोक्याचा. झालं. कॅमेरा त्याच्याकडे, पैसे अडकलेले आणि खोटी ठरले मी.

यानंतर मी कुणाकुणाला काय काय लिहिलं ते सगळं सांगत बसत नाही. पण वेबसाइटच्या मदत विभागाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी लांबलचक मेल लिहायची; पावती, फोटो, घेणाऱ्याशी झालेलं सगळं बोलणं जोडायची. उत्तर यायचं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया वस्तू पाठवल्याचा पुरावा जोडावा.’ पुरावा त्याच मेलला जोडलेला असायचा. कुणीतरी तो उघडून पाहावा एवढीच माझी अपेक्षा होती. पुन्हा लिहिलं की पुन्हा तेच वाक्य, आणि खाली सही म्हणून ‘सपोर्ट टीम’. चॅटवर एकाने तर माझं बोलणं संपायच्या आत तक्रार ‘निकाली’ काढली आणि मला सेवा कशी वाटली ते विचारलं. त्या रात्री मी खूप रडले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की एवढ्या मोठ्या कंपनीत माझं म्हणणं खरं असू शकेल असं एकालाही वाटलं नाही.

त्या दिवसांत झोप येत नसे, म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत होते. कार्डाने घेतलेली वस्तू पोचलीच नाही तर बिलावर हरकत घ्यायचा हक्क अमेरिकेत 1974 च्या कायद्याने ग्राहकाला दिला. समोर मोठा व्यापारी आणि इकडे एकटा ग्राहक, म्हणून तो हक्क गरजेचाच होता. पुढे ऑनलाइन व्यवहारांतही तोच विचार आला. ऑनलाइन पैसे भरायच्या पेपल या सेवेत वस्तू पोचली नाही अशी तक्रार करायला पैसे भरणाऱ्याला 180 दिवस मिळतात. व्यापाऱ्याला हे झेपतं. हजार व्यवहारांतला एक बुडाला तरी त्याचं दुकान चालतं. पण घरातली एकच वस्तू विकणाऱ्या माणसाचं काय? त्याचा तो एकच व्यवहार असतो. तो बुडाला की वस्तूही जाते आणि पैसेही जातात. खोकं रिकामं निघालं असं म्हणायला घेणाऱ्याला एक फोटो पुरतो. खोकं भरलेलं होतं हे विकणाऱ्याने कसं दाखवायचं? बंद खोक्याच्या आतलं कुणाला दिसतं?

ते तुम्ही पाहिलं होतंत, दादा.

पार्सल द्यायला मी आले तेव्हा खोकं घरूनच चिकटवून आणलं होतं. तुम्ही ते उघडायला लावलंत. नियमच आहे, आत काय आहे ते बघावं लागतं, म्हणालात. मला घाई होती, थोडा रागही आला होता. तुम्ही कॅमेरा बाहेर काढलात, उलटा करून खालचा सिरियल नंबर वाचलात आणि पावतीवर ‘कॅमेरा व लेन्स’ याच्या पुढे तो नंबर बारीक अक्षरात लिहिलात. मग लेन्स हलत होती म्हणून तुमच्याकडचा फुगेवाला प्लास्टिकचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळलात आणि चारही कडांवरून टेप फिरवलीत. काट्यावर ठेवलंत. 2 किलो 340 ग्रॅम. तेही लिहिलंत. मी पावती पर्समध्ये टाकली आणि निघाले.

नंतर मी तीच पावती घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या मागे रांग होती. तुमच्या शेजारच्या काउंटरवरून आधीच सांगण्यात आलं होतं की पार्सल पोचलं म्हणजे आमचं काम संपलं, काही असेल तर मुख्य कार्यालयाला मेल करा. तुम्ही पावती हातात घेतलीत, तिच्यावरचं तुमचं अक्षर पाहिलंत आणि आतली खुर्ची मला बसायला दिलीत. ‘रांग संपू दे ताई, मग नीट बघतो,’ म्हणालात. आणि खरंच बघितलंत. वाटेतल्या केंद्रावर पट्ट्यावरून जाताना प्रत्येक पार्सलचं वजन मशीन आपोआप नोंदवतं, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. तुम्ही ती नोंद शोधून काढलीत. तिथेही 2 किलो 340 ग्रॅम. घेणाऱ्याच्या गावातल्या शेवटच्या केंद्रावरही तेवढंच. कागदाचे बोळे भरलेलं तेवढं खोकं अर्धा किलोसुद्धा भरणार नाही. कॅमेरा शेवटपर्यंत आत होता. हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक छापलेले पाहिले आणि माझे हात थरथरायला लागले.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर आभार मानले असते. पण तुम्ही ड्रॉवरमधून कार्यालयाचा कोरा कागद काढलात आणि हाताने लिहायला लागलात. हे पार्सल मी स्वतः उघडून पाहिलं, आत या सिरियल नंबरचा कॅमेरा आणि एक लेन्स होती, माझ्या हातांनी ते बंद केलं, असं. चार-पाच ओळींचं पत्र. शेवटी सही केलीत, सहीखाली तुमचं पूर्ण नाव लिहिलंत, त्याखाली कर्मचारी क्रमांक, आणि शिक्का मारलात. मी विचारलं, ‘दादा, तुम्हाला काही त्रास नाही ना होणार याचा?’ तुम्ही म्हणालात, ‘पाहिलं तेवढंच लिहिलंय. त्रास कसला?’ आणि पुढच्या माणसाचं पाकीट वजनाला घेतलंत.

दादा, त्या सहीखालचं नाव मी घरी येऊन कितीतरी वेळ बघत होते. इतक्या दिवसांत माझ्या खरेपणाखाली स्वतःचं नाव लिहिणारे तुम्ही पहिले. ज्यांनी माझ्याकडून शुल्क घेतलं होतं, ज्यांच्या जाहिरातीत सुरक्षित व्यवहाराची हमी होती, त्यांच्यातल्या कुणीही नाव सांगितलं नव्हतं. तुम्हाला यातून काहीच मिळणार नव्हतं. उलट उद्या कुणी उलटतपासणी केली असती तर पहिला प्रश्न तुम्हालाच आला असता. हे माहीत असूनही तुम्ही लिहिलंत.

तुमचं पत्र जोडलं आणि या वेळी उत्तर लवकर आलं. निर्णय माझ्या बाजूने. मला खात्री आहे की वजनाच्या आकड्यांनी काम झालं असेल, नियमात आकडेच बसतात. पण ते आकडे शोधायला कुणीतरी रांग संपल्यावर पुन्हा खुर्चीत बसावं लागतं.

वाचता वाचता मला आणखी एक कळलं होतं. ई-बे ही ऑनलाइन लिलावाची वेबसाइट. 1995 मध्ये पिएर ओमिद्यार यांनी ते सुरू केलं, तेव्हा माणसं मुळात चांगली असतात या विश्वासावर ते उभं केलं, असं ते सांगत आले आहेत. तिथे अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडलेला लेझर पॉइंटर. मोडलेला आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं आणि त्याला तसाच हवा होता. माझा व्यवहार तिथला नव्हता, पण ही गोष्ट मला फार आवडली. वस्तू कशी आहे ते एकाने खरं सांगितलं, दुसऱ्याने ते खरं मानलं आणि ठरलेले पैसे दिले. न पाहिलेल्या माणसाला वस्तू पाठवणारे आपण सगळे अजूनही याच भरवशावर आहोत. पुढे त्याला तारांकनं, शेरे, विमा, हमी असं बरंच काही जोडलं गेलं, आणि ते हवंही. तरी खोटं बोलायचंच ठरवलेला माणूस समोर आला की हे सगळं अपुरं पडतं, आणि तेव्हा आपलं काम नीट करणारा एखादा माणूस लागतो. सिरियल नंबर न लिहिताही पार्सल गेलं असतं. तुम्ही तो रोज कितीजणांच्या पावतीवर लिहीत असाल, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची कधी गरजही पडणार नाही.

त्या घेणाऱ्याबद्दल माझ्या मनात अजून राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल. त्याचं खातं बंद केल्याचं कळवलं आहे, तेवढं पुरे.

तुमच्या मुख्य कार्यालयाला मी वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात तुमचं पूर्ण नाव आणि कर्मचारी क्रमांक लिहिला आहे, तुमच्या पत्राची प्रत जोडली आहे आणि खाली माझी सही, माझं नाव, माझा पत्ता आहे. तुमच्या वरिष्ठांनी विचारलं तर बिनधास्त माझ्याकडे बोट दाखवा. लेन्सचं झाकण तेवढं घरातच राहून गेलं आहे, ते काही आता विकायला काढत नाही. पण पुढच्या वेळी काही पाठवायचं झालं तर तुमच्याच काउंटरवर येईन, आणि खोकं उघडंच आणीन.

तुमची मनापासून आभारी,
कॅमेऱ्यावाली ताई