जागा त्याच, कॉलम नव्या क्रमात: एक आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

आर (R) या प्रोग्रामिंग भाषेत टेबलातले मोजकेच कॉलम आपापसांत हलवण्याची जी रीत तुम्ही समजावून दिलीत, तिच्यासाठी हे पत्र. एखादा कॉलम पुढे आणणं सोपं असतं. बाकीच्यांना धक्का न लावता ठरावीक जागांचीच अदलाबदल करणं अवघड, आणि तुम्ही नेमकं तेच सोडवलंत.

समजा, १२ कॉलमांच्या डेटा फ्रेममध्ये, म्हणजे आरमधल्या टेबलात, चौथ्या जागी वजन, सातव्या जागी वय, नवव्या जागी उंची आहे. या तीन जागांवर वय, उंची, वजन असा क्रम हवा. चटकन सुचतं ते असं: ४, ७, ९ या कॉलमांना थेट ७, ९, ४ असाइन करायचे. घात इथेच होतो. आतले आकडे हलतात, नावं मात्र जागची हलत नाहीत. वजनाच्या मथळ्याखाली वयं येऊन बसतात, एरर येत नाही आणि पुढचं सगळं विश्लेषण चुकत जातं.

तुम्ही आकडे सोडून क्रमालाच हात घातलात. हव्या क्रमातली नावं, टेबलातल्या कॉलमांच्या नावांसह, मॅच (match) फंक्शनला दिली की त्यांच्या सध्याच्या जागा मिळतात: ७, ९, ४. मग १ ते १२ चा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची यादी, घेऊन त्याच्या ४, ७, ९ या, म्हणजे सॉर्ट करून चढत्या क्रमात लावलेल्या, जागांवर ७, ९, ४ लिहायचे. क्रम होतो १, २, ३, ७, ५, ६, ९, ८, ४, १०, ११, १२. या व्हेक्टरने कॉलम पुन्हा निवडले की नाव आणि आकडे बरोबरच सरकतात.

एनए (NA), म्हणजे सापडत नसलेल्या किमतीच्या खुणेबद्दलच्या इशाऱ्यासाठी तर विशेष आभार. नावात एक अक्षर चुकलं तरी मॅच एनए देतं आणि सॉर्ट ते गुपचूप गाळतं. चुकलेलं नाव यादीत शेवटी असेल तर नुसती वॉर्निंग येते आणि हवा तो क्रम लागत नाही; वरच्या उदाहरणात उरलेले दोन कॉलम जागचे हलतच नाहीत. म्हणून सॉर्टच्या आधी, अट पुरी न झाल्यास काम थांबवणाऱ्या स्टॉपइफनॉटने (stopifnot) एनए तपासायलाच हवं.

नुसतं पुढे आणायचं असेल तर डीप्लायर (dplyr) या आरच्या पॅकेजमधलं रिलोकेट (relocate) पुरतं. फक्त उत्तर पुन्हा असाइन करायचं. डेटा डॉट टेबल (data.table) या दुसऱ्या पॅकेजच्या टेबलात मात्र चौकटी कंसात एकटा व्हेक्टर दिला तर कॉलमांऐवजी ओळी निवडल्या जातात. तिथे तोच व्हेक्टर सेटकोलऑर्डर (setcolorder) या फंक्शनला द्यायचा. ते कॉपी न करता मूळ टेबलच बदलतं, त्यामुळे जुना क्रम लागणार असेल तर आधी कॉपी काढून ठेवायची, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत.

मनःपूर्वक धन्यवाद.

आपले ऋणी,
रोज टेबलांशी काम करणारे आम्ही