बाळंतीण दगावली ती कुठल्या गावची, हे कोण मोजतं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुणे जिल्ह्याच्या आरोग्याचा आढावा पेपरात येतो तेव्हा दवाखान्यात बाळंतपणं किती झाली, लसीकरण किती टक्के झालं एवढंच असतं आणि सगळं छान दिसतं. दिसणारच हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत, आणि २०१८-२० मध्ये देशात लाख जन्मांमागं ९७ माता दगावल्या तिथं आपल्या राज्यात ३३. पण हा आकडा अख्ख्या राज्याचा, नमुना नोंदणीतून (निवडक गावं-वॉर्डांतले जन्म-मृत्यू मोजून) मातामृत्यूचं प्रमाण जिल्ह्यापर्यंतसुद्धा येत नाही, मग तालुक्याचं आणि वॉर्डाचं तर विचारूच नका. मुळशी-वेल्ह्याची कातकरी वस्ती, दौंड-इंदापूरला ऊसतोडीला आलेली टोळी आणि कोथरूडची सोसायटी, सगळी एकाच सरासरीत.

मी आरोग्यसेविका होते, आता रिटायर झाले. आमच्याकडं नेहमी व्हायचं ते सांगते. भीमाशंकरच्या बाजूची एखादी बाई, आठवा महिना, बीपी वाढलेलं, पायाला सूज, पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) ग्रामीण रुग्णालयात, तिथून "आमच्याकडं सोय नाही" म्हणून पुण्याला रेफर, वाटेतच झटके. ती पुण्यात दगावली तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं मृत्यूची नोंद जिथं घडला तिथं, म्हणजे पुणे शहरात. फॉर्मवर तिच्या गावचा पत्ता असतो पण बेरीज करताना तो बघतं कोण! मातामृत्यू अन्वेषणात, म्हणजे बाई का दगावली याच्या सरकारी तपासात, घरी जाऊन चौकशी करायची असते, ती होतेही, पण रिपोर्ट एकदा वर गेला की आमच्या उपकेंद्राला परत काही कळायचं नाही. गाडी उशिरा आली, रक्त मिळालं नाही, का बीपी आधीच्या तपासणीत घेतलंच नव्हतं? हे कळलं तर पुढची बाई वाचेल ना.

माहितीनं फरक पडतो याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका काय खातात आणि बाळं किती वजनाची होतात ते लिहून ठेवलं, त्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त असलेल्या बायकांची बाळं वजनाला बरी निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, एकेक मृत्यू मोजला, आणि १९९९ साली छापलं की तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते ती त्यातूनच. (तिला तेच रजिस्टरमध्ये आणि परत मोबाईलवर भरायला लावतात, हा वेगळ्या पत्राचा विषय!)

आता कोणी म्हणेल पीएचसीवार मातामृत्यू काय छापणार, तीस हजार वस्तीला वर्षाला चार-पाचशे बाळंतपणं, त्यात मृत्यू बहुतेक वर्षी शून्यच. बरोबर आहे. म्हणून तीन वर्षांची बेरीज द्या, आणि सोबत सातच्या खाली हिमोग्लोबिन किती जणींचं, अडीच किलोच्या आतली बाळं किती, रेफर केल्यापासून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला हे द्या. हे सगळं आरसीएच पोर्टलवर (गरोदर बायका आणि बाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत), माता-बाल कार्डावर आणि रेफर चिठ्ठीवर असतंच, नवीन सर्व्हे नको की नवीन ॲप नको. फक्त पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, जिल्हा परिषद आणि कॅन्टोन्मेंट यांनी आपापली वही वेगळी न ठेवता बाईच्या राहत्या पत्त्यावर बेरीज करायची, प्रायव्हेट हॉस्पिटलांनाही त्यात घ्यायचं. ऊसतोडीच्या बाईचं नाव बीडच्या गावात असतं आणि बाळंतपण दौंडला होतं, तिला दोन्हीकडं दाखवा, नाहीतर ती दोन्हीकडून सुटते. नावं मात्र अजिबात नकोत, आणि वस्तीवार आकडेही नकोत, छोट्या वस्तीत लगेच कळतं कोणाच्या घरचं आहे ते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या आढावा बैठकीत टक्केवारी लिहून घेण्याआधी एवढं विचारावं की गेल्या तीन महिन्यांत पुण्याला रेफर झालेल्या बाया कुठल्या कुठल्या पीएचसीच्या होत्या आणि त्यांचं पुढं काय झालं ते त्या पीएचसीला कोणी कळवलं का.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, हडपसर, पुणे