चि. सईस पत्र: प्रसारण की सुरक्षा-अभ्यास?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परदेशी प्रसारणात शिरायचं की प्रादेशिक सुरक्षेवर पीएचडी करायची, असं तू विचारलंस. मला ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत. ए. रॉस जॉन्सन यांचंच बघ. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं युगोस्लाव्हियाचा अभ्यास केला. 1988मध्ये ते म्युनिकच्या रेडिओ फ्री युरोपचे, म्हणजे पूर्व युरोपसाठी अमेरिकेनं चालवलेल्या रेडिओचे, संचालक झाले आणि पुढे त्याच रेडिओची संशोधन संस्था त्यांनी सांभाळली. हा रेडिओ सीआयएच्या पैशावर चालत होता, त्या काळाचा इतिहासही नंतर त्यांनी कागदपत्रांवरून लिहिला.

या दोन्ही कामांचा पाया एकच: कोण, कुणाला, कोणत्या भाषेत, नेमकं काय बोललं ते टिपणं.

28 ऑक्टोबर 1962 घे, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेटलेल्या पेचाचा दिवस. मॉस्को रेडिओनं संध्याकाळी 5 वाजता सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांचा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना निरोप वाचून दाखवला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा सकाळचे 9 वाजले होते. वकिलातीमार्गे तारा पोचायला तासन् तास लागत, म्हणून रेडिओचा मार्ग धरला. ‘क्युबातली क्षेपणास्त्रं परत नेणार’ एवढंच टिपलंस तर बातमी बरोबर, पण नोंद अपुरी. मूळ मजकुरात ‘तुम्ही ज्यांना आक्रमक म्हणता ती शस्त्रं’ असं आहे. शस्त्रं परत न्यायची, पण ती आक्रमक होती हे कबूल करायचं नाही, ही सगळी भूमिका त्या चार शब्दांत आहे. घाईच्या सारांशातून आधी असेच शब्द गळतात.

म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, वाहिनी, भाषा आणि बोलणाऱ्याचं पद लिही. मग मूळ भाषेतलं वाक्य, त्याखाली तुझा अनुवाद. तुझं मत वेगळ्या रकान्यात, नाहीतर सहा महिन्यांनी त्यांचं काय आणि तुझं काय हे तुलाच कळणार नाही. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपण साडेपाच तास पुढे आहोत: आपल्याकडे मध्यरात्र उलटून 3 मार्च लागल्यावर साडेबाराला ऐकलेलं बुलेटिन यूटीसीत 2 मार्चच्या 19:00 चं असतं. इथे तारीख चुकली की आधी काय घडलं आणि नंतर काय, हा क्रमच उलटतो.

देशातल्या श्रोत्यांसाठीचं आणि बाहेरच्यांसाठीचं बुलेटिन शेजारी ठेवून वाच. एखादी धमकी फक्त इंग्रजीत असेल तर ती बाहेरच्यांसाठी आहे. काय वगळलं तेही टिप. 10 नोव्हेंबर 1982 ला सकाळी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह गेले. त्या संध्याकाळी सोव्हिएत दूरदर्शनवरचा पोलीस दिनाचा कार्यक्रम रद्द झाला, आणि मृत्यूची घोषणा दुसऱ्या दिवशी. मात्र एका रद्द कार्यक्रमावरून निष्कर्ष काढू नकोस. रोजचं वेळापत्रक पाठ असेल तरच बदल दिसतो.

माइकसमोर बसणाऱ्याची जबाबदारी आणखी जड. 4 नोव्हेंबर 1956 ला, हंगेरीतला उठाव सोव्हिएत सैन्य चिरडत असताना, रेडिओ फ्री युरोपच्या हंगेरियन वृत्तपत्र-आढाव्यात पश्चिमेकडून लष्करी मदत येईल अशी आशा ध्वनित झाली. मदत आली नाही. माणसं लढत असताना आपल्या इच्छेला बातमीच्या सुरात बोलणं याहून मोठा अपराध या धंद्यात नाही, असं मी मानते.

भाषा आत्ताच निवड. रशियन रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुण्यातच शिकता येईल. पश्तू, बर्मी, तिबेटी दिल्लीच्या स्कूल ऑफ फॉरिन लँग्वेजेसमध्ये शिकवतात. मी बर्मी म्हणेन: म्यानमार हा मिझोराम, मणिपूरला लागून असलेला देश, आणि भाषा येणारे अभ्यासक आपल्याकडे मोजके. 1 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या लष्करानं सत्ता घेतली आणि त्याच्या म्यावड्डी वाहिनीवरून आणीबाणी जाहीर झाली तेव्हा राज्यघटनेच्या 417व्या कलमाचा आधार दिला होता. ते कलम मूळ भाषेत वाचता आलं पाहिजे.

एका संस्थेच्या भरवशावर मात्र राहू नकोस. मार्च 2025मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी प्रसारण संस्थेच्या लोकांना एका आदेशानं घरी बसवलं. भाषा आणि नोंदवही तुझीच राहते.

येत्या 1 तारखेपासून एकच वाहिनी, एकच बुलेटिन, सलग 30 दिवस टिप. वही घरी येताना घेऊन ये, आपण ओळ न् ओळ वाचू.

तुझी,
आई