प्रसादाचं राहू दे, पावतीचं बोलू

प्रिय सोनू,

सलाम बाळा. काल फोनवर नीट बोलता आलं नाही, पप्पा शेजारीच टीव्ही मोठा करून बसलेले, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते.

ऑफिसात पूजेचा प्रसाद आपण ख्रिस्ती लोकांनी घ्यायचा का नाही हे तू विचारलंस ना, तर हा प्रश्न काय आजचा नाहीये. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात 8 ते 10 अध्यायांत ह्याचाच किती काथ्याकूट केलाय बघ, म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, उगाच चौकशा करू नका, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे तर त्या माणसासाठी खाऊ नका. आता ह्यातून हो पण काढता येतं नि नाही पण. आपले चर्चचे पाळकसाहेब नको म्हणतात, तुझी आजी दोन्ही हातांनी घ्यायची.

मी काय केलं ते सांगते. तू दोन वर्षांची असशील, शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा शिरा पाठवला, वर केळ्याचे काप, तूप नुसतं सुटलेलं, आणि मी नवीनच बायबल स्टडीला जायला लागलेली, दारातूनच वाटी परत केली. त्यांच्या पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्या वर्षी नाताळच्या फराळाचं ताट घेऊन मीच त्यांच्याकडे गेले तेव्हा पाय उचलत नव्हता गं. काकूंचा नेमका गुरुवार होता, उपास. तरी ताट ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीतून ओरडून सांगितलं, करंजी छान झालीय पण वेलची कमी पडली. मी अजून विसरले नाही. तू तुझं ठरव, फक्त वाटी परत करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघ.

आणि तो मुलगा म्हणाला ना की तू ख्रिश्चन वाटतच नाहीस, मराठी किती शुद्ध, त्यावर एवढं चिडायला नको होतंस. त्याला सांग ना, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, आपल्या नगर-राहुरीत बरीच वर्षं राहिले, आणि अभंग, कीर्तन सगळं सोबत घेऊन आले. त्यांच्या बायको लक्ष्मीबाई लगेच नाही आल्या त्यांच्या मागे, पाच वर्षं घेतली, स्वतःला पटल्यावरच आल्या. मला बाई त्यांचंच जास्त आवडतं. आपल्याकडे उपासनेत टाळ वाजतात म्हटल्यावर तो गप्प बसेल.

आता खरं म्हणजे ज्यासाठी लिहितेय ते. प्रसादावर तू अर्धा तास बोललीस आणि शेवटी जाता जाता म्हणालीस, आई कुरिअरने पावत्या पाठवल्यात, मालकाच्या जागी सही कर आणि तुझा पॅन टाक, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की लागतो. आल्या पावत्या. महिना 12 हजार, बारा पावत्या, तिकीट पण लावलेलं. तू राहतेस पुण्यात पीजीमध्ये, कॉटचे साडेपाच हजार देतेस, आणि मी इथे नगरला बसून तुझी घरमालकीण! सगळेच करतात म्हणालीस. करत असतील. एचआरएमध्ये, म्हणजे घरभाड्याच्या टॅक्स सवलतीत, किती वाचतात ते पप्पांनी लगेच हिशोब करून सांगितलं, त्यांचा चेहरा जरा पडलाच, खोटं कशाला सांगू. पण होय तर होय आणि नाही तर नाही हे संडेस्कूलमध्ये तुझ्याकडून घोकून घेतलं मीच, आता मीच कशी सही करू? शिरा खाल्लास का म्हणून मी तुला कधी विचारणार नाही, पण हे मला जमणार नाही. पीजीवाल्या बाईंकडून खऱ्या पावत्या माग, देत नसतील तर जेवढा टॅक्स कापतील तेवढा कापू दे.

पावत्या तशाच कोऱ्या परत पाठवतेय, डब्याच्या खाली पिशवीत आहेत. डब्यात करंज्या आणि थोड्या चकल्या, रूममेटना पण दे, एकटी खाऊ नकोस. वेलची ह्यावेळी भरपूर टाकलीय.

तुझी,
आई